सपाट केलेली दोन टेकाडं

बातमी आली त्या दिवशी आमच्याकडं नळाचा दिवस होता. आठवड्यानं येणारं पाणी, म्हणून मी टाकीपाशी पाइप धरून उभा होतो. फोन बायकोनं घेतला. माझा धाकटा भाऊ विलास कामावरच गेला. छातीत दुखलं, एवढंच. पन्नाशीही गाठली नव्हती त्यानं. पाणी टाकी भरून रस्त्यावर वाहत गेलं, ते बंद करायला शेजाऱ्यांना यावं लागलं.

ते असो. मी सांगायला बसलोय तो त्यानंतरचा माझा पराक्रम. ऐकल्यावर तुम्ही तुमच्या घरचा साधा पंखासुद्धा माझ्या हाती देणार नाही.

विलासची एक जुनी पेट्रोल गाडी होती. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्षं तिचं इंजिन उघडून ठेवलेलं. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं ॲल्युमिनियमचं जाडजूड झाकण, तो घरीच घासत बसायचा. त्यात हवा आत जायच्या चार वाटा असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. ती घासून नीट केली की इंजिन मोकळा श्वास घेतं, असं तो सांगायचा. मी 'हो का' म्हणायचो. मी कॉलेजात इतिहास शिकवतो.

तेराव्यानंतर महिनाभरानं भावजय सुनंदा म्हणाली, "दादा, ह्या गाडीतून मला गंगापूरला माहेरी नेणार होते. एकदा सुरू करून द्याल का?"

"मेकॅनिकला बोलावू की."

"दोघं येऊन गेले. म्हणतात, हे हेड भंगारात घाला, दुसरं बसवू. मला दुसरं नको."

आता ह्याला नाही कसं म्हणणार? मी चष्मा लावला, बॅटरी घेतली आणि चारही पोर्टांत डोकावलो. तीन पोर्टांच्या तळाशी, वळणावर, बोटाच्या पेराएवढं टेकाड. चौथं पोर्ट सपाट. झाला उलगडा. एक पूर्ण झालंय, तीन राहिलीत. इतिहासाच्या माणसाला पुरावा सापडला की तो कुणाला विचारायला जात नाही.

मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले आणि विलासचा ग्राइंडर उचलला. पहिल्या पाच मिनिटांत कटरच्या दातांत ॲल्युमिनियम असं चिकटून बसलं की तो नुसताच फिरत राहिला.

सुनंदा दारातून बघत होती. "ते कटरला मेणबत्ती चोळायचे."

चोळली. मग कटर असा चालला, की मला स्वतःचाच अभिमान वाटू लागला. शेडमध्ये एक लाकडी खोका होता, त्याला व्हॅक्युम क्लीनर जोडलेला. चुरा ओढायची काय सोय केलीय, असं म्हणत मी त्यानंच सगळं झाडून काढत होतो.

दोन रविवार, दोन टेकाडं. पहिलं आरशासारखं झालं. दुसऱ्याच्या शेवटी कटर एकाएकी हलका लागला. बॅटरी मारून पाहिलं, तर इंजिनाचं पाणी फिरतं ती आतली पोकळी दिसत होती.

"पडलं का भोक?" सुनंदानं विचारलं.

"थोडंसं."

"भोक थोडंसं कसं असतं, दादा?"

हेड चादरीत गुंडाळून मी स्कूटरवरून चितेगाव गाठलं. तिथं रऊफभाई ॲल्युमिनियमचं वेल्डिंग करतात. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि एकेका पोर्टात बोट फिरवलं.

"सर, ये विलासभाऊंचं हेड ना?"

"तुम्ही कसं ओळखलं?"

"माझंच काम हाय ते. आत ॲल्युमिनियम मीच भरलं, तीन टेकाडं. भाऊंनी चार महिने घासून शेप दिला. दोन किधर गये?"

मी घसा साफ केला. "मी ती पूर्ण केली."

रऊफभाईंनी हेड हळूच टेबलावर ठेवलं. "तीन पूर्णच होती सर. बाकी एकच होतं. चौथं."

म्हणजे झालेलं काम मी न झालेल्या कामासारखं करत आणलं होतं. भोक पडलं म्हणून तिसरं वाचलं.

"पण घासायचं म्हणजे काढायचंच ना?" मी तरी म्हणालो.

"सब यहीच समझते. हवा जोरात येती, वळणावर खालची भिंत सोडून देती. भाऊंनी तिथं जमीनच वर उचलली. खोक्यावर लावून बघितलं नाय का?"

"कुठला खोका?"

"व्हॅक्युमवाला. हवा मोजायचे त्याच्यावर."

त्यानं मी झाडलोट केली, हे मी त्यांना सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय.

रऊफभाईंनी आधी हेड सावकाश तापवलं. ॲल्युमिनियम वितळण्याआधी लाल होत नाही. आत्ता घट्ट असतं आणि पुढच्या क्षणी पाणी. मग कळतं कसं, असं मी विचारलं. "चमक बदलती जरा," ते म्हणाले. मला काहीच बदललेलं दिसलं नाही. भोक मात्र बुजलं आणि दोन ओबडधोबड टेकाडं पुन्हा उभी राहिली.

घरी येऊन हेड खोक्यावर ठेवलं. खोक्याला लाल पाण्याची एक बारीक नळी होती. हवा जास्त गेली की पाणी जास्त चढतं. सुनंदानं बटण दाबलं. चौथ्या, कोऱ्या पोर्टवर पाणी चार बोटं चढलं, हवा घुरघुरत होती. मग विलासचं तिसरं लावलं. पाणी सहा बोटांवर जाऊन थांबलं आणि घुरघुर बंद. आम्ही दोघं त्या नळीकडं बघत राहिलो. मी आत करंगळी घातली. टेकाड कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं, ते बोटाला कळेना. चाळीसहून जास्त वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसून जेवला होता.

आता दर रविवारी मी ती दोन टेकाडं घासतो. करंगळी आधी त्याच्या पोर्टात, मग माझ्या.

"किती चढलं?" सुनंदा विचारते.

"पाच बोटं."

"मग घासा अजून."

"जास्त गेलं तर?"

"रऊफभाई आहेत."

परवा रऊफभाईंना दाखवलं. बोट फिरवून म्हणाले, "दोन बिघडवले, तेव्हा कुठं ग्राइंडर धरायला आला तुम्हाला." माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कारखान्यातलं प्रशस्तिपत्र.

चौथ्या पोर्टला मी अजून हात लावलेला नाही, आणि सुनंदाचं गंगापूरला जाणं राहिलेलंच आहे.