कोंबडीच्या पायातली चिंधी

पुंडलिकनगरातल्या आमच्या घराची वाटणी झाली ती वरखाली. वर आम्ही, खाली थोरल्या जाऊबाई, आमच्या आक्का. मागचं परस तेवढं दोघींचं राहिलं. कोंबड्या दोघींच्याही होत्या, म्हणून पायांत चिंध्या आल्या. माझ्या कोंबड्यांना लाल, आक्कांच्या कोंबड्यांना हिरवी. गावाकडं सगळेच अशी खूण करतात, त्यात वावगं काही नाही. पण पाय वाढतो अन् चिंधी वाढत नाही, एवढं तरी माणसाला कळावं का नाही?

आक्कांच्या एका कोंबडीला कोवळी तलंग असताना बांधलेली चिंधी ती अंड्यावर आली तरी तशीच होती. पाय सुजून टरारला. चिंधी मांसात इतकी रुतली की वरून नुसती हिरवी रेघ दिसायची. कोंबडी दाणे टाकले तरी एका पायावर उभी. मी आक्कांना दोनदा सांगितलं. होईल आपोआप बरं, म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हटलं, मी बघू का? तर हात झटकून म्हणाल्या, बघ बाई, तुला लई पुळका.

माझं माहेर पाचोडकडचं, मेंढरं राखणारं. खुरात काटा मोडला तर माझा बाप ताटावरून उठायचा. ते बघतच वाढलेली मी, मला कुठलं राहवतंय. कोंबडी जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून मांडीवर घेतली. मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून धरला, कातडी मऊ झाल्यावर नखं कापायच्या बारक्या कात्रीनं एकेक धागा सोडवला. जखम धुऊन हळद-तेल लावलं. कोब्यावर पाय घासू नये म्हणून खोक्यात कोरडं पोतं अंथरून तिला वर गॅलरीत ठेवलं. पहिले काही दिवस पाय टेकवीना. मग टेकवायला लागली, अन् एका सकाळी खोक्यातून उडी मारून दोन्ही पायांवर चालली. मला इतका आनंद झाला की नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवली.

त्याच दिवशी पाण्याच्या टँकरपाशी, चार बायकांत, आक्का बोलल्या. चिंधी कापून कोंबडी वर नेऊन ठेवली म्हणे, आता आम्ही काय समजायचं? मला चोर ठरवायला त्यांना एवढंच पुरलं. "बघ बाई" म्हणालेलं त्यांना आठवत नव्हतं. बायका घागरी भरत खाली बघत होत्या. यातल्या दोघींच्या कोंबड्यांच्या टाचेतले काटे मीच काढलेले.

कोंबडी मी स्वतः खाली नेऊन दिली. आक्कांनी माझ्यासमोरच नवी चिंधी काढली अन् तोच पाय धरला.

"आक्का, दुसऱ्या पायात बांधा," मी म्हणाले. "हा अजून कच्चा आहे."

"कोंबडी माझी आहे. कुठं बांधायचं ते मला कळतं."

अन् दातानं गाठ आवळली.

वरून मला सगळं दिसायचं. पाय पुन्हा सुजला. बोटं आधी निळी, मग काळी. कोंबडी पंखावर रेटत दाण्यापर्यंत जायची. नवऱ्याला म्हटलं, तुमच्या भावाला तरी सांगा. तो म्हणाला, एका कोंबडीपायी सख्ख्या भावाशी वाकडं घेऊ का? खरंच आहे. बायकोला चोर म्हटलं तेव्हाही त्यानं वाकडं घेतलं नव्हतं.

रविवारी खालून वाटीभर रस्सा आला. सोबत निरोप, तुझ्या औषधानं पाय सडला, म्हणून कापावी लागली. नवऱ्यानं भाकरी कुस्करली, लिंबू पिळलं, अन् आक्काच्या हाताला चव लई म्हणाला. मी त्या दिवशी जेवले नाही. त्यानं ते विचारलंही नाही.

आमच्यात आलेलं भांडं कुणी रिकामं परत देत नाही, चिमूटभर साखर तरी टाकतात. मी ती वाटी राखेनं घासली, कोरडी पुसली अन् तशीच रिकामी आक्कांच्या हातात दिली.