दोरा बांधलेलं प्यादं

संक्रांतीनंतरचा पहिला रविवार. स्थळ मोताळा, कापसाच्या जिनाच्या कचेरीची पडवी. हजर: दवाखान्याचे कंपौंडर, उंद्रीचे कापडवाले रहीमभाई, पंच म्हणून तहसिलीतले नाझर, चाली टिपायला मी आणि न विचारता सल्ला देणारे तीसेक विद्वान. बुद्धिबळाच्या सामन्यांचा हा शेवटचा डाव. जिंकणारा अमरावतीला खेळायला जाणार होता. कंपौंडर कधी तालुक्याबाहेर खेळले नव्हते. कोट मात्र त्यांनी आधीच शिवून घेतला होता.

दुसऱ्याच्या पटावरची मात त्यांना लांबून दिसे. औषधाची बाटली हलवत ते दवाखान्याच्या ओट्यावर येत, तिथे चाललेल्या डावाकडे एकदा बघत, "तीन चालींत मात हाय" म्हणत आणि आत जात. कोणती, ते सांगत नसत. मग रोगी खोकणं विसरून पटावर वाकत. त्यांच्या औषधापेक्षा या उपचाराचा गुण लवकर येई.

पण साधी मात त्यांना कमीपणाची वाटे. "हत्तीनं तं कोनीबी मारते," ते म्हणत, "प्याद्यानं मारावं." म्हणून डावाआधी एका प्याद्याला लाल दोरा बांधून, मात याच प्याद्यानं होईल, असं ते जाहीर करत. बहुतेकदा ती होईही, त्यामुळे त्यांना कोणी समजावू शकत नव्हतं.

त्या दिवशीही दोरा बांधला. शिवाय आपल्याकडचा नियम त्यांनी सर्वांना समजावून दिला: ज्या राजाला अजून शह बसलेला नाही, त्याला एकदा घोड्यासारखी उडी घेता येते, शह बसला की उडी गेली. माहिती अचूक होती.

दुपारी त्यांनी वजीर मारू दिला. आता हत्तीचा एक शह, मग त्याच हत्तीनं मात; मलासुद्धा दिसत होती. माझा टाक दौतीत तयार होता. कंपौंडरांनी हत्तीकडे पाहिलं, दोऱ्याकडे पाहिलं आणि प्यादं एक घर पुढे सरकवलं.

रहीमभाईंच्या राजाला तोवर एकही शह बसला नव्हता. तो उडी मारून निघून गेला. वजिरावाचून कंपौंडर पुढे वीस चाली टिकले.

रहीमभाई हसले नाहीत. हळूच म्हणाले, "कंपौंडरसाब, हाथी तो कबसे खडा था."

"दिसला होता, भाई," कंपौंडर म्हणाले. "पन दोरा त्याले नव्हता ना बांधला."

अमरावतीला रहीमभाई गेले, कंपौंडरांचा कोट अंगावर घालून. थंडी आहे म्हणून यांनीच तो बळेबळे दिला होता.

पुढे कंपौंडरांची बदली झाली. जाताना पट आणि सोंगट्या माझ्या हवाली करून म्हणाले, "बाबू, त्या प्याद्याचा दोरा सोडून टाकजो. दुसऱ्याले त्याचा तरास नको."

मी कामांची यादी केली. पटाला तेल देणे, घोड्याचा तुटलेला कान चिकटवणे, दोरा सोडणे. पहिली दोन त्याच आठवड्यात झाली.