टांझानियाला गेलेली डाळमिल

मानवतला आमचा छोटा कारखाना आहे. माझे मिस्टर तिथं मिनी डाळमिल बनवतात. एका बाजूनं तूर टाकायची, दुसऱ्या बाजूनं सोललेली डाळ काढायची. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून टांझानियातून एका बाईंचा फोन आला तेव्हा तो आपसूक माझ्या हातात आला.

बाई तिथल्या धान्याच्या व्यापारी. त्यांनी मोबाईलवर आमच्या मशीनचा व्हिडिओ पाहिला होता.

"हे मशीन दाण्याचं साल काढतं ना?" त्यांनी विचारलं.

मी मिस्टरांना विचारलं. "साल? म्हणावं, सोन्यासारखा माल निघतो!" ते म्हणाले. मी बाईंना हो म्हणून सांगितलं. आफ्रिकेत तूर भरपूर पिकते हे मोंढ्यातल्या कुठल्याही अडत्याला ठाऊक असतं, आम्हालाही होतं. सौदा ठरला.

मग सल्ल्यांचा पूर आला. जहाज बुडालं तर? पार्टी पळाली तर? कागद अडले तर? मिस्टरांनी विमा काढला, एजंट गाठला, बँकेत खेटे घातले. तरी मशीन बंदरावर अडकलंच, कारण आमच्या सुतारानं ठोकलेल्या पेटीच्या फळ्यांना कीड मारल्याचा शिक्का नव्हता. "मशीन लोखंडाचं, अन् हे लाकूड तपासायलेत!" मिस्टर फोनवर ओरडत होते. पेटी बदलली, मशीन गेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते बसवून द्यायला आम्ही दोघं निघालो.

तिथं गेल्यावर माझ्या इंग्रजीचा फक्त बाईंशी बोलायला उपयोग झाला. बाकीची माणसं स्वाहिली बोलत. मिस्टरांचं मात्र पहिल्या दिवसापासून जमलं. तिथं बातमीला 'हबारी' म्हणतात, हिशोबाला 'हेसाबू', तयारला 'तयारी', दुकानाला 'दुका'. "अगं, ही तर आपल्या परभणीचीच माणसं हायत," असं म्हणत ते गावभर हबारी विचारत फिरले.

मशीन बसलं. मिस्टरांनी बाजारातून तूर आणली, साल सुटावं म्हणून तेल चोळून अंगणात वाळवली. बाईंना वाटलं, ही आमच्याकडची मशीनची पूजा असावी. त्या आदरानं लांब उभ्या राहिल्या.

चालू करायच्या दिवशी अर्धं गाव जमलं. मिस्टरांनी बटन दाबलं, तूर ओतली आणि पिवळीधमक डाळ ओघळायला लागली. कुणीच टाळी वाजवली नाही. बाईंनी ओंजळीत डाळ घेऊन निरखली.

"दाणा मोडला," त्या म्हणाल्या. "तूर मोडायची कशाला? आम्ही ती अख्खीच नारळाच्या दुधात शिजवतो. बरं, मका कधी टाकायचा?"

"कुठला मका?" मी विचारलं.

त्यांनी मागे बोट दाखवलं. पांढऱ्या मक्याच्या पोत्यांची थप्पी लागली होती. त्यांच्याकडे मक्याचं साल काढून मग पीठ दळतात आणि त्यासाठीच त्यांनी मशीन घेतलं होतं. व्हिडिओतली डाळ त्यांना पिवळ्या मक्याची कणी वाटली होती.

मी हे मराठीत सांगितलं तसे मिस्टर एका पोत्यावर बसले. "जहाज बुडंल म्हणून इमा काढला," ते पुटपुटले, "अन् बाई काय दळणार, हेच इचारलं न्हाई."

"आता यांना काय सांगू?" मी विचारलं.

"खरं हाय ते सांग. म्हणावं, मशीन तुरीचं हाय. पण मला उद्यापर्यंत वेळ द्या."

मी सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. तरी त्या म्हणाल्या, "उद्यापर्यंत तर तुम्ही पाहुणेच आहात," आणि चहा मागवला.

मिस्टरांनी मूठभर मका टाकून पाहिला. त्याचा चुरा झाला. मग त्यांनी मशीन उघडलं, आतल्या घासणाऱ्या दगडात आणि चाळणीत अंतर वाढवलं आणि चाळणी काढून बाजारात वेल्डिंगचं दुकान शोधलं. तिथला वेल्डर आणि ते, दोघंही आपापल्या भाषेत मोठमोठ्यानं बोलत होते. मी मध्ये पडायला गेले तर मिस्टर म्हणाले, "तू राहू दे, आमचं चाललंय." मोठ्या भोकांची नवी चाळणी घेऊनच ते परतले.

दुसऱ्या दिवशी मका पुन्हा चुरायला लागला तेव्हा बाई पुढे झाल्या. उखळात कांडताना करतात तसा त्यांनी मक्यावर पाण्याचा हबका मारला, हातानं कालवला, थोडा मुरू दिला. या वेळी साल वेगळं झालं आणि पांढराशुभ्र दाणा पडायला लागला. जमलेल्या बायांनी जीभ हलवत आनंदाची अशी लांब किलकारी दिली की मी दचकलेच. मिस्टरांनी फेटा नसताना तो सावरल्यासारखा डोक्यावर हात फिरवला.

"तयारी!" ते ओरडले.

"तयारी!" सगळे ओरडले.

पुढे बाईंनी त्यांच्या बहिणीसाठी तसंच मशीन मागवलं. ते मानवतहून मक्याची चाळणी लावूनच गेलं.

आम्ही तिथून निघायच्या आदल्या दिवशी, काढलेली डाळ वाया जाऊ नये म्हणून मी लसणाची फोडणी देऊन वरण केलं. बाईंच्या आईनं एक घोट घेतला आणि बाईंकरवी काळजीनं विचारलं, "घरात कोण आजारी आहे?" मग वाटीत नारळाचं दूध ओतून त्यांनी ते संपवलं आणि वाटी पुन्हा पुढे केली. मिस्टरांनीही आपल्या वाटीत नारळाचं दूध ओतून घेतलं.

"लय चांगलं लागायलंय गं," ते म्हणाले. मी मात्र माझं वरण तसंच, साधं खाल्लं.