झाड वाकलं नाही

एका पोफळीवरून उतरून दुसरीवर चढणं म्हणजे आमच्याकडे कच्च्या माणसाचं काम. सुपारी काढणारा एकदा वर गेला की वरूनच पुढं सरकतो. शेंड्याला धरून अंगाचा झोका द्यायचा, झाड वाकतं, पुढची पोफळ हाताला लागली की ती पकडून पहिली सोडायची. श्रीवर्धनच्या वाड्यांत मी हेच करत आलोय, आणि सांगायला लाज कसली, माझ्याइतक्या सफाईनं करणारे फार नाहीत.

त्या हंगामात मी बारीक होत चाललो होतो. लोकांना ते भारी आवडलं. वाडीचे मालक म्हणाले, "असाच हलका माणूस पायजे, झाडाला तरास न्हाय." खोकला होता, पण सुपारी सोलायच्या दिवसांत धुळीनं कोण खोकत नाही? दिवेलागणीला अंग तापायचं, सकाळी उशी ओली असायची. दिवसभर काही नाही. माझ्या अंगात दुसरंच कुणीतरी वस्तीला आलंय आणि ते तिन्हीसांजेला उठतं, असं मला वाटायचं. बायकोला मी ते बोललो नाही.

मग एका सकाळी झाड वाकलं नाही. मी झोका दिला, पुन्हा दिला. वारा पडलेला होता. समोरची पोफळ हातभरच लांब, आणि माझ्याखालचं झाड नुसतं थरथरत होतं, जसं काही वर कुणी नाहीच. पडायला मी भीत नाही. पण आपण इथं आहोत हे झाडाला कळत नाही, याला मी भ्यालो.

तिथंच मला मामा आठवला. त्यानंच मला चढायला शिकवलं. तो आमच्याच घरी राहायचा आणि लहानपणी मी त्याच्या कुशीत झोपायचो. शेवटच्या हंगामात तोही असाच हात पुढं करून शेंड्यावर बसून राहिला होता. खालून लोक हसले, म्हातारा भ्यायला लागला म्हणाले. उतरल्यावर तो मला एवढंच बोलला, "भाच्या, झाड मला वळखत न्हाय." पावसाळ्याआधी तो गेला. दम्यानं गेला, असं सगळे म्हणत.

मी घसरत खाली आलो आणि खोकलो, तर तळहातावर रक्त.

बायकोनं सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं बेडका तपासला, छातीचा फोटो काढला. टीबी निघाला. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरला. उजवीकडे वर एक काळी पोकळी होती, भोवती पांढरी कड. माडाला भुंगा लागतो तेव्हा वरच्या झावळ्या हिरव्याच असतात आणि आतून झाड पोखरलेलं असतं.

"घरात पूर्वी कुणाला लांबलेला खोकला होता का?" त्यांनी विचारलं. मी मामाचं सांगितलं.

"नक्की सांगता येणार नाही, पण तसं असू शकतं. जंतू श्वासातून आत जातात. शरीर त्यांच्याभोवती भिंत घालून त्यांना कोंडतं. तिथं ते वर्षानुवर्षं झोपून राहतात. शरीर थकलं की भिंत फुटते."

म्हणजे मामा गेला तेव्हा सगळा गेला नव्हता. मी लग्न केलं, घर शाकारलं, मला मुलगी झाली, आणि तो माझ्या छातीत निजलेला होता. त्याच्यावर माझा फार जीव, पण त्या क्षणी मला त्याची शिसारी आली.

"आता तुमच्याजवळ कोण झोपतं?" बाईंनी विचारलं.

माझी मुलगी झोपते, माझ्या कुशीत. उत्तर बायकोनं दिलं.

मुलीला तपासलं. आजार नव्हता, पण आत काही निजलं असेल तर ते उठू नये म्हणून तिलाही गोळ्या दिल्या. माझ्या सहा महिने चालल्या. लघवी केशरी व्हायची, जेवण नकोसं वाटायचं, घरातल्यांवर खेकसायचो, पण एकही गोळी चुकवली नाही. अंग पुन्हा भरलं. या हंगामात पोफळी माझ्याखाली वाकतात. मुलीला काही नाही, हे मात्र मला अजून खरं वाटत नाही. जेवताना मी तिची मनगटं बघतो. तिन्हीसांजेला कपाळाला हात लावतो, तर ती झटकते.

परवा ती दारातल्या कोवळ्या पोफळीवर चढून शेंड्याला लोंबकळली. मी कोयती खाली ठेवली आणि बघत राहिलो. झाड आधी हललंच नाही. मग हळूहळू वाकत गेलं आणि तिचे पाय जमिनीला टेकले.

बायको दारातून म्हणाली, "अवो, बघताय काय? झाड मोडंल ना."

"मोडू दे," मी म्हटलं.