व्हॅन येईपर्यंतची इंग्रजी

आमच्या सोसायटीच्या गेटपाशी सकाळी शाळेची व्हॅन येते. तिची वाट पाहणाऱ्या आया मुलांशी फक्त इंग्रजी बोलतात. घरीदारी तीच बोला, असं शाळेनं पालकसभेत बजावलंय. आज पहिल्या मजल्यावरच्या वैशालीची चिमुरडी मुलगी धावताना पडली, गुडघा फुटला. वैशालीनं धावत जाऊन तिला जवळ घेतलं, तोंड उघडलं आणि तशीच थांबली. आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म, असं वाक्य मनात जुळवत असावी. एरवी भाजीवाल्याला बोलू न देणारी ही बाई! पोर रडायचं सोडून तिच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी कसंबसं निघालं, "डोन्ट क्राय." तोवर रडणं थांबलंच होतं.

"लागलं का गं?" एवढ्या तीन शब्दांत आपल्याकडे फुंकरसुद्धा येते. ते शिकायला कुठला क्लास लावावा लागत नाही, म्हणूनच बहुधा आम्हाला त्याची किंमत नाही.

व्हॅन गेली. सोसायटीतलं लंगडं कुत्रं वैशालीच्या पायाशी आलं. ती खाली बसली आणि त्याला कुरवाळत म्हणाली, "अगं बाई, दुखतंय का रे माझ्या राजाला?"

कुत्रं शेपूट हलवत राहिलं. त्याला कुठल्याच शाळेत जायचं नव्हतं.