मालकांच्या छातीतला गाडा

आमच्या मालकांच्या छातीत पेसमेकर बसवला त्याला बरीच वर्षं झाली. ठोके मंदावले होते, म्हणून डॉक्टरांनी कातडीखाली डबी ठेवून तिची वायर हृदयाच्या उजव्या बाजूला सोडली. तेव्हापासून हा माणूस साऱ्या राजुरीत मिरवायचा. पाव्हणा आला की सदऱ्याची बटणं उघडायची. "हात लावून बघा राव, आता मला काय व्हत नाय!"

मागच्या वर्षी बांधापर्यंत जाताना वाटेत बसायला लागले. पाय सुजून चपलेत मावेनात. उताणं झोपलं की घुसमटायचे. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणे, "बॅटरी चालू हाय, मला काय धाड भरलीय?" भावकीतलाही जो तो येऊन बॅटरीचंच विचारायचा. अरे, माणूस आहे का मोबाईल! शेवटी मी गॅस बंद करून बसले. उपाशी राहायची वेळ आली तेव्हा कुठं स्वारी उठली.

आळेफाट्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बॅटरी ठणठणीत आहे, हृदयाचा स्नायूच ढिला पडलाय. आणि तो ढिला केला कुणी? त्याच मशीननं! उजवीकडूनच धक्का मिळत राहिला की डावी बाजू जरा उशिरा हलते. वर्षानुवर्षं तसं चाललं की काही जणांचं हृदय थकतं, फुगतं. आता मशीन बदलून डावीकडंही वायर टाकायची, नाहीतर काही खरं नाही.

मालक भडकले. "ज्यानं वाटोळं केलं त्याच्याच थोरल्या भावाला छातीत घेऊ व्हय? मरंन, पन बसवनार न्हाई!" बोलणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तर मला जास्त संताप आला. रडूही आलं. हे गेले तर मी भांडू कुणाशी?

तेवढ्यात यात्रा आली. बैलगाड्यांच्या शर्यतीत आमचे बैल पळणार म्हटल्यावर हे घरी थांबतात होय? गाडे पळतात त्या घाटाच्या कडेला खुर्ची टाकून बसले. झेंडा पडला. उजवा बैल उसळला, डावा जरा मागं राहिला. गाडा तिरका झाला, आमची पळायची बारी वाया गेली.

"आरं, डाव्याला संगंच उठवा की! एकटा उजवा वढून वढून मरंल!" मालक ओरडले आणि धापा टाकायला लागले.

मी चारचौघांत त्यांच्या छातीवर बोट ठेवलं. "आन् ह्या गाड्याचं काय?"

भावकी फिदीफिदी हसली. हे हसले नाहीत. दम खाऊन झाल्यावर म्हणाले, "सांग त्या बाईला. टाक म्हणावं डावीकडं."

आता पाय चपलेत मावतात, हे बांधावर माझ्या पुढं चालतात. बटणं अजून उघडतात, पण पाव्हण्यांसमोर नाही. सकाळच्या चहाला माझा हात ओढून छातीवर ठेवतात. "बघ गं, दोगंबी संगं चालत्यात का?"

"चालत्यात," म्हणते मी. हाताला मला डोंबलाचं काही कळत नाही. पण हात लगेच काढवतही नाही.