चौदा नंबरचा पाचवा फाउल

“सर, तुमची शिट्टी तुम्ही मृण्मयीला का दिलीत?”

हे विचारायची पैज वैदेही आणि गार्गी या माझ्या मैत्रिणींनी लावलीये. “टिळेकर सर तुझ्या स्वप्नात येतात ना? मग विचारूनच दाखव!” सरांना जाऊन चार महिने झाले. बास्केटबॉलचे पंच होते ते. मला आणि मृण्मयीला पंचगिरी त्यांनीच शिकवली आणि शेवटी शिट्टी दिली तिला. मला काय? पंचांच्या हातखुणांच्या तक्त्याची झेरॉक्स!

रविवारची दुपार. जेवून दिवाणावर पडलेय. डोळे मिटतात न मिटतात तोच पंख्याची घरघर प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात मिसळते. दिवाण आता मैदानाकडेचा बाक आहे. शेजारी सर बुटांच्या नाड्या बांधतायत.

मी धाडकन विचारून टाकते.

“तिने मागितली,” सर म्हणतात. “तू मागितलीस?”

“मी तेव्हा तोंड तरी उघडायचे का, सर!”

“आता उघडतेस ना? मग कालचा फाउल सांग.”

काल सेमीफायनलला मी पंच होते.

समोर गुणलेखकांचं टेबल आहे. म्हणजे आमचंच जेवणाचं टेबल, लोणच्याच्या बरणीसकट. मागे बसलेल्यांचे चेहरे पुसट. मी मूठ वर करते, घड्याळ थांबतं. मी टेबलाकडे धावते.

“पळू नकोस. उभी राहा. आधी नंबर, टेबलाला दिसेल असा.”

हाताची पाठ दाखवून एक, मग तळवा दाखवून चार. चौदा, म्हणजे मृण्मयी. काल मी हेच दाखवलं होतं. तो तिचा पाचवा फाउल, म्हणजे बाद. ती बाहेर गेली आणि तिचा संघ एका गुणाने हरला.

आज बोटं उठतच नाहीत.

“काय गं, विसरलीस?”

“सर... समोरच्या मुलीचा हात मृण्मयीच्या संघातल्या नऊ नंबरने धरला होता. मी पाहिलं होतं.”

“मग चौदा कुठून आले?”

“ती शेजारीच उभी होती ना! आणि सगळ्यांना तीच आवडते. तुम्हालासुद्धा!”

आता आम्ही शाळेच्या जिन्यात आहोत. प्रत्येक पायरीवर चौदा नंबरची जर्सी वाळत घातलीय. पाय ठेवायला जागा नाही.

सर रागावत नाहीत. तेच जास्त लागतं.

“परत सांग,” एवढंच म्हणतात.

मी नऊ बोटं उघडते.

“हं. आता फाउल कसला?”

हात धरल्याची खूण आठवेना. तेव्हा सर माझं मनगट पकडतात. घट्ट. “असा.”

जाग येते. डाव्या मनगटावर चार लाल वळ. मी माझी बोटं त्यांवर ठेवून बघते. जुळत नाहीत. वळ रुंद आहेत.

आई-बाबा चहा घेतायत. मी मधे जाऊन उभी राहते.

“ऐका दोघंही. उद्या प्रार्थनेच्या आधी मी खेळाच्या बाईंना सांगणार, की तो पाचवा फाउल मृण्मयीचा नव्हता. मी मुद्दाम तिच्या नावावर टाकला. मॅच परत खेळवा म्हणणार. मग फायनलला मला पंच नाही केलं तरी चालेल... छे, चालणार नाही, खूप रडेन मी. पण सांगणार.”